बाहेरून आवळलेला नट

"हलवलं की वाजतं, सोडलं की बंद," इक्बालभाई म्हणाले आणि पेडलमध्ये खोचलेली पिन त्यांनी बोटाने डावी-उजवीकडे करून दाखवली. माझ्या टेबलावरच्या छोट्या स्पीकरमधून खर्र असा आवाज आला, मग गिटारची एक तार ऐकू आली, मग काहीच नाही.

माझं टेबल सिडकोतल्या घरात, पुढच्या खोलीत खिडकीशी आहे. सातपूरच्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात तेहतीस वर्षं काढली. पहिली वीस वर्षं सोल्डरिंगच्या लाइनवर, पुढची त्याच लाइनची सुपरवायझर म्हणून. रिटायर झाल्यावर हात स्वस्थ बसेनात, म्हणून दुरुस्तीची कामं घेऊ लागले. भजनी मंडळांचे अॅम्प्लिफायर येतात, शाळांचे माइक येतात, कधी कुणाचा कीबोर्ड. गिटारचं पेडल मात्र पहिल्यांदाच आलं होतं.

पेडल म्हणजे जेवणाच्या लहान डब्याएवढी लोखंडी पेटी. गिटारची वायर एका बाजूने आत जाते, दुसऱ्या बाजूने निघून स्पीकरकडे जाते. मधल्या मध्ये ही पेटी आवाजाला काहीतरी करते. इक्बालभाईंचं पेडल इकोचं होतं. एक सूर छेडला की त्याच्यामागे तोच सूर तीनदा, हळू हळू बारीक होत येतो. वर पायाने दाबायचं बटण आणि एक लाल दिवा. बाजूच्या दोन गोल भोकांत वायर घालायला जो भाग बसवलेला असतो त्याला जॅक म्हणतात. वायरच्या टोकाला असते ती पिन. पुष्कळ लोक पिनेलाच जॅक म्हणतात आणि फोनवर फार गोंधळ होतो, म्हणून सांगून ठेवते.

आत जाणाऱ्या बाजूचा जॅक सैल झाला होता. बाहेरचा षटकोनी नट बोटाने फिरत होता.

"उद्या निफाडला प्रोग्राम आहे," इक्बालभाई म्हणाले. "आमच्या ऑर्केस्ट्रात गायच्या त्या पुष्पाताईंचा सत्कार. तिथे हे चाललं पाहिजे."

वय सदुसष्ट. पांढरी दाढी, इस्त्रीचा शर्ट, नखं फक्त उजव्या हाताची वाढवलेली. मी त्यांना दारातच ओळखलं होतं. त्यांनी मला ओळखलं नव्हतं, आणि ओळखायचं काही कारणही नव्हतं.

"इक्बालभाई, तुम्ही आमच्या कंपनीच्या गॅदरिंगला यायचात," मी पाना शोधत म्हणाले. "कँटीनच्या मागच्या शेडमध्ये स्टेज असायचं."

"सातपूरला? पत्र्याची शेड? वरून पंखे कर्रकर्र वाजायचे ती?"

"तीच."

मग आम्ही बोलतच राहिलो. मी वीस-एकवीस वर्षांची होते. लाइनवर आम्ही चाळीस मुली. प्रत्येकीला एकच काम. माझं काम म्हणजे एका हिरव्या पट्टीत बारीक दोन पायांचा एक तुकडा बसवायचा आणि त्याला डाग द्यायचा. डाग देणं म्हणजे सोल्डरिंग, तापलेल्या कावियाने धातू वितळवून तार चिकटवायची. दिवसाला सातशे तुकडे. पट्टी पुढे सरकायची, दुसरी यायची. ती पट्टी शेवटी कशात जाते, ते मला माहीत नव्हतं. विचारलं तर सुपरवायझर म्हणायची, मशीनमध्ये जाते.

त्या वर्षी गॅदरिंगला इक्बालभाईंचा ऑर्केस्ट्रा आला. पुष्पाताई गायल्या. गाण्याच्या आधी गिटारचे चार सूर वाजले आणि ते शेडभर घुमून परत आले. मंदा म्हणून माझी मैत्रीण होती, तिने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. कार्यक्रम संपल्यावर सगळ्या पुष्पाताईंना बघायला गेल्या. मी गिटारवाल्याकडे गेले आणि विचारलं, तो आवाज कुठून येतो.

"तेव्हा तुम्ही हे पेडल उलटं केलंत," मी इक्बालभाईंना सांगितलं. "खिशातल्या नाण्याने मागचे स्क्रू काढलेत आणि झाकण उघडून दाखवलंत. आत हिरवी पट्टी होती. तिच्यावर मी रोज लावायचे तसलेच तुकडे."

इक्बालभाईंनी डोळे बारीक केले. "दोन वेण्या?"

"दोन वेण्या."

"आणि निळी साडी. कंपनीचा युनिफॉर्म. अच्छा. म्हणजे ती तुम्ही. माझे बाकीचे लोक हसत होते, म्हणाले, लोक गाणारीची सही मागतात आणि याच्याकडे मुली स्क्रू काढायला येतात."

आम्ही दोघंही हसलो. मी त्यांना सांगितलं की त्या दिवसानंतर मी लाइनवर बसून विचार करू लागले, हा तुकडा काय करतो, हा पुढचा काय करतो. रविवारी एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात जाऊन बसू लागले. तो आधी हाकलायचा, मग शिकवू लागला. सुपरवायझर झाले ती त्यामुळेच.

हे सगळं सांगता सांगता मी पाना नटावर बसवला आणि आवळला. नट दोन-तीन वेढे फिरला आणि घट्ट बसला. पिन घातली. आवाज स्वच्छ. पिन हलवली. खरखर नाही. इक्बालभाईंनी गिटारवर चार सूर वाजवले आणि ते खोलीभर घुमले. आमचे हे आतून बाहेर येऊन उभे राहिले. मला त्या क्षणी पत्र्याच्या शेडचा वास आला, खरंच सांगते.

"झालं?" इक्बालभाईंनी विचारलं.

"झालं," मी म्हणाले. पाच मिनिटांचं काम. पेडल मी उघडलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला फोन आला.

"ताई, पेडल गेलं."

"गेलं म्हणजे?"

"रिहर्सलला दोनदा वाजलं. पिन काढली, परत घातली, बंद. दिवा पण लागत नाही."

"पिन हलवून बघितली?"

"हलतच नाही. घट्ट आहे आणि बंद आहे."

मी फोन धरून खुर्चीवर बसले. काय झालंय ते मला तिथल्या तिथे कळलं. कुणालाही कळेल असंच आहे, म्हणून सांगते. जॅक नुसता भोकात बसवलेला असतो. बाहेरून नट, आतून त्याचं अंग, आणि त्या अंगाला तीन बारीक वायरी डाग देऊन जोडलेल्या. बाहेरून नट फिरवताना आतलं अंग हाताने धरून ठेवावं लागतं. धरलं नाही तर नटाबरोबर सगळा जॅकच फिरतो आणि त्या तिन्ही वायरींना पीळ बसतो. नळाची चावी आवळताना मागचा पाइप फिरावा, तसं. जुन्या वायरी असतील तर त्या लगेच तुटतात किंवा एका तारेवर लोंबत राहतात, आणि पुढच्या वेळी पिन घालताना ती तारही जाते.

लाइनवर नव्या मुलींना मी हेच पहिल्या आठवड्यात शिकवायचे. सुपरवायझर असताना मी कितीजणींना त्यासाठी बोलले असेन. आणि बोलण्याच्या नादात मी स्वतः तेच केलं होतं.

"मी येते," मी म्हणाले.

"निफाडला? एवढ्या लांब? साऊंडवाला म्हणतो, तो काहीतरी करेल."

"त्याला उघडू देऊ नका. मी निघाले."

ह्यांनी मला स्कूटरवरून स्टँडवर सोडलं. जाताना फक्त एवढंच म्हणाले, "काल छान वाजत होतं की." मांडीवर हत्यारांची पेटी घेऊन एसटीत बसले. चांदोरीच्या पुढे दोन्ही बाजूंनी द्राक्षाचे मळे, क्रेट भरून टेम्पो उभे. एरवी मी खिडकीतून बघत बसले असते. त्या दिवशी मनात पेडलच्या आतल्या वायरी मोजत होते. तीन जॅकच्या, दोन बॅटरीच्या, चार बटणाच्या. कुठली तुटली असेल तर काय होईल, याचा हिशोब लावत होते.

सत्कार एका मंगल कार्यालयात होता. पाच वाजता सुरू होणार होता. मी पोचले तेव्हा दीड वाजून गेला होता. खुर्च्या मांडत होते. स्टेजच्या मागच्या खोलीत इक्बालभाई गिटार मांडीवर घेऊन बसले होते. त्यांच्या शेजारी पुष्पाताई. मी त्यांना इतक्या वर्षांनी बघत होते. अंगाने अगदी बारीक झाल्या होत्या. गळ्याला रेशमी रुमाल. हातात गरम पाण्याचा थर्मास.

पुष्पाताई निफाडच्याच. सतराव्या वर्षी ऑर्केस्ट्रात गायला लागल्या तेव्हा गावातल्या लोकांनी त्यांच्या वडिलांना बरंच ऐकवलं होतं. आता तेच गाव शाल-श्रीफळ देणार होतं. आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं होतं. तेव्हापासून त्या लोकांसमोर गायल्या नव्हत्या. एकच गाणं म्हणेन, तेही इक्बाल वाजवणार असेल तर, असं त्यांनी कळवलं होतं.

"पहिला सूर मला आता आपला आपण सापडत नाही," त्या मला म्हणाल्या. आवाज अगदी हळू, राखून ठेवलेला. "ह्याचे ते चार सूर घुमतात ना, तेवढ्यात मी तो धरते. घरी तसंच करून बघितलंय. जमतं."

साऊंडवाला गणेश वायरी खांद्यावर टाकून दारात आला. तिशीतला, इथलाच. "मावशी, लय टेन्शन घेऊ नका. इको मी मिक्सरमधून देतो ना. तेवढंच हाय ते."

"तो हॉलचा इको," इक्बालभाई म्हणाले. "तो पुष्पाताईंच्या आवाजावर पण बसेल. माझ्या गिटारचा वेगळा आहे."

"लोकांना काय कळणार नाय."

"लोकांसाठी नाही चाललंय ते."

गणेशने पुष्पाताईंकडे बघितलं आणि खांद्यावरच्या वायरी खाली ठेवल्या. मी त्याला विचारलं, काविया लावायला एक पॉइंट दे. स्टेजवरचे सगळे पॉइंट भरलेले होते. शेवटी त्याने मला कार्यालयाच्या स्वयंपाकघरात नेलं. तिथे ओट्यावर मिक्सर चालू होता. वाढपी मंडळींनी नारळाची चटणी वाटून घेतली आणि पॉइंट मला मोकळा करून दिला. ओट्याचा कोपरा पुसून दिला. एका बाईने वर्तमानपत्र अंथरलं.

मी पेडल उलटं ठेवलं आणि मागचे चार स्क्रू काढले. इक्बालभाई शेजारी उभे होते.

आत जे दिसेल असं वाटलं होतं तेच दिसलं. जॅकच्या तिन्ही वायरी वेणीसारख्या एकमेकींत वळलेल्या. गिटारचा आवाज आणणारी पांढरी वायर मुळापासून तुटलेली. बॅटरीची काळी वायर एका केसावर. या पेडलमध्ये जॅकच बॅटरीचा स्विच असतो. पिन आत गेली की बॅटरी चालू होते, बाहेर काढली की बंद, म्हणजे ती फुकट संपत नाही. त्यामुळे एक जॅक गेला की आवाजही जातो आणि दिवाही. पीळ अगदी ताजा होता. वायरीच्या जुन्या मळक्या अंगावर तांब्याची नवी चमक दिसत होती.

"इक्बालभाई, हे माझ्यामुळे झालंय," मी म्हणाले. "काल मी उघडायला हवं होतं. नुसतं बाहेरून आवळलं."

"माहीत आहे," ते म्हणाले.

"कधी कळलं?"

"सकाळीच. चाळीस वर्षं हेच वाजवतोय मी. घट्ट आहे आणि बंद आहे म्हटल्यावर दुसरं काय असणार?"

"मग फोनवर बोलला का नाहीत?"

त्यांनी गिटारचा पट्टा खांद्यावर सारखा केला. "रागावलो असतो तर तुम्ही आला असतात, पण हात थरथरत. मला हात चांगला पाहिजे होता."

काविया तापला होता. मी कामाला लागले.

आधी तिन्ही वायरी सोडवल्या आणि जॅक बाहेर काढला. तेव्हा कळलं की मुळात तो सैल का झाला होता. आतून, जॅकचं अंग आणि पेटीचा पत्रा यांच्यामध्ये एक दातेरी वॉशर लागतं. त्याचे दात पत्र्यात रुततात आणि जॅक फिरत नाही. ते वॉशर नव्हतंच. कधीतरी कुणीतरी खोललं असेल आणि परत घालायला विसरलं असेल. काल उघडलं असतं तर हेही काल दिसलं असतं. माझ्या डब्यात तसलं वॉशर होतं.

जॅकच्या आत पितळेची एक पातळ जीभ असते. पिनेचं टोक तिच्यावर टेकतं. वर्षानुवर्षं पिन जाऊन येऊन ती दबते. चिमट्याने ती किंचित आत वाकवली. काळी पडली होती, म्हणून खोडरबराने घासली. मग तुटलेल्या वायरींची टोकं सोलली आणि त्या आखूड पडल्या. अर्धा इंच कमी. एवढ्या लांबून आले, काविया आणला, वॉशर आणलं, आणि वायरचा तुकडा आणायला विसरले.

"गणेश, बारीक वायर आहे का रे?"

"माझ्याकडं सगळ्या जाड हायेत, मावशी." त्याने इकडे तिकडे बघितलं आणि बाहेर गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात मांडवाच्या लायटिंगच्या माळेचा बंद पडलेला तुकडा होता. "हे चालंल?"

चाललं. त्यातून दोन तुकडे कापले, टोकं सोलली, जोडली. डाग देताना राळेचा धूर वर आला. सोल्डरच्या तारेत राळ असते, ती जळताना देवळातल्या धुपासारखा पण जरा कडवट वास येतो. वाढपी बायकांनी पदर नाकाला लावला. मला मात्र तो वास तेहतीस वर्षांचा आहे. आमच्या साड्यांना तो असायचा, केसांना असायचा. घरी गेलं की सासूबाई म्हणायच्या, आधी अंघोळ कर. मंदा आणि मी एकाच स्टुलावर डबा खायचो तेव्हा तिच्या भाकरीलाही तोच वास यायचा. मंदा आता नाही. बऱ्याच जणी नाहीत. कारखान्याच्या जागेवर गोडाऊन झालंय.

हे सगळं एका क्षणात मनात आलं आणि मी काविया बाजूला ठेवला. डोळे पुसले. मग पहिल्यापासून बघितलं, आत्ता दिलेला डाग नीट चमकतोय का. चांगला डाग चमकतो. मळकट, दाणेदार दिसला तर समजायचं की तो धरला नाही, आज ना उद्या सुटणार. त्याला आम्ही ड्राय सोल्डर म्हणतो. माझा दुसरा डाग मळकट आला होता. मी तो काढून परत दिला.

जॅक परत भोकात बसवला. आतून वॉशर, बाहेरून नट. या वेळी डाव्या हाताच्या दोन बोटांनी आतलं अंग धरलं आणि उजव्या हाताने पाना फिरवला. वायरी जागच्या हलल्या नाहीत. पिन घातली, दिवा लागला. पिन दहा वेळा काढली आणि घातली. अकराव्या वेळी इक्बालभाई म्हणाले, "बस करा, ताई. झिजेल."

साडेतीन वाजले होते.

स्टेजच्या मागच्या खोलीत त्यांनी चार सूर वाजवले. पुष्पाताईंनी डोळे मिटले आणि तोंडातल्या तोंडात सूर धरला. मग मान हलवली आणि थर्मासमधलं पाणी प्यायल्या.

भाषणं बरीच लांबली. गाण्याची वेळ आली तेव्हा मी पडद्याच्या कडेला उभी होते. हत्यारांची पेटी हातातच. इक्बालभाईंनी चार सूर वाजवले. ते हॉलभर घुमले आणि विरले. पुष्पाताईंनी माइक तोंडाशी नेला आणि आवाज आलाच नाही. ओठ हलले फक्त. पुढच्या रांगेतला एक म्हातारा माणूस उठून उभा राहिला.

इक्बालभाईंनी पुष्पाताईंकडे बघितलंसुद्धा नाही. जणू गाण्यात तसंच लिहिलंय अशा थाटात त्यांनी तेच चार सूर परत वाजवले, जरा सावकाश. ते घुमत असतानाच पुष्पाताईंनी सूर धरला. पूर्वीचा आवाज नव्हता. खालच्या पट्टीत, थोडा खरबरीत. पण सुरात होता. मुखडा आणि एक अंतरा झाला. मग त्यांनी हात जोडले आणि खुर्चीत बसल्या. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

परतीच्या गाडीसाठी इक्बालभाई मला स्टँडपर्यंत सोडायला आले. पैसे काढू लागले तेव्हा मी त्यांचा हात धरला. बिघाड लहान होता, मोठा मी केला होता. स्वतःच्या चुकीचं बिल करायचं नसतं, हे आमच्या कारखान्यातही होतं.

"गाणं कसं वाटलं?" त्यांनी विचारलं.

खरं म्हणजे मी गाणं नीट ऐकलंच नव्हतं. पहिल्या सुरापासून शेवटच्या टाळीपर्यंत माझी नजर सारखी त्यांच्या पायाजवळच्या लाल दिव्याकडे जात होती. त्यांना तसं सांगितलं तर ते म्हणाले, "मी पण."

सैल जॅकची तक्रार घेऊन आता कुणी आलं की मी त्याला खुर्ची देते आणि काम होईपर्यंत काही विचारत नाही. माणूस कितीही ओळखीचा असो. लोकांना वाटतं, बाई जरा तुसडी आहे.